सातवा गुण

यांगहा, १४ एप्रिल

दादा,

दोन-एक. तुला माहीत आहे, तू तिथेच होतास, तरी मी लिहिणार. वीस वर्षं वाट बघितल्यावर माणसाला एवढा तरी हक्क असतो. पुन्हा लिहिते, दोन-एक.

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि तू ठेवून देतोस. पत्र तू फार तर फाडशील, पण त्याआधी एकदा वाचशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आज सकाळी मी बस काढली तर पहिल्याच थांब्यावर मोडाची कडधान्यं विकणारी म्हातारी चढली आणि तिने माझ्या हातात उकडलेलं अंडं ठेवलं. म्हणाली, "ड्रायव्हरबाई, सोलवाल्यांना लोळवलं म्हणे आपल्या पोरांनी!" तिने जन्मात फुटबॉल बघितला नसेल. बाजारापर्यंत अख्खी बस गोलचीच चर्चा करत होती. शाळेतली पोरं, हातात दुधाच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे. मी दोन लाल सिग्नल जवळजवळ तोडले. तुमचा तो पांढऱ्या वाघांचा क्लब आपलं गाव सोडून राजधानीत, सोलला गेला तेव्हा याच बसमध्ये लोक रडत होते, आठवतं? तेव्हा मी तिकीट तपासत होते. कंपनीने रातोरात क्लबचं नाव तेच ठेवून गाव बदललं आणि आम्ही बसलो रिकाम्या मैदानाकडे बघत. मग गावानेच वर्गणी काढून आमचा हा हिरवा नागरिक संघ उभा केला. तळातल्या गटातून वर यायला त्याला इतकी वर्षं लागली. काल पहिल्यांदा तुम्ही आमच्या मैदानावर आलात आणि हरून गेलात.

आता खेळाडूंचे गुण. बाबांच्या पद्धतीने देते, दहापैकी, पण सातच्या वर कुणालाही नाही. "आठ दिले आणि पुढच्या आठवड्यात याहून चांगला खेळला तर काय देऊ, माझी विजार?" असं ते म्हणायचे, ते तूही विसरला नसशील.

गोलकीपर प्यो. सहा. तुमचा गोल झाला तेव्हा चेंडू त्याच्या हातातून असा निसटला की वाटलं, हा हाताला साबण लावून आलाय. पण शेवटी शेवटी तुमच्या कॉर्नरवर त्याने गर्दीतून उडी मारून जो चेंडू धरला, त्यासाठी मागचं सगळं माफ.

हाम. चार. तो मधल्या फळीत खेळत होता हे मला आज पेपरात वाचून कळलं.

वांदेर. सहा. फ्री किकचा गोल देखणाच होता, पण त्यानंतर अर्धा तास तो केस बांधत होता. बाबा परदेशी खेळाडूचा एक गुण आधीच कापायचे, मी तसं करत नाही. माणूस एवढ्या लांबून येऊन आपल्याकडचं झणझणीत खातो, हेच खूप झालं.

यॉम. सात! हो, पूर्ण सात. डावीकडून तो जो धावला, तुमचा तो महागडा बचावपटू त्याच्यामागे सामान राहिलेल्या प्रवाशासारखा पळत होता. असे प्रवासी मी आरशात रोज बघते.

वू. सात. बदली म्हणून आला आणि यॉमने आत टाकलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात डाव्या पायाने जाळ्यात! जाळं कसं फुगलं! मी तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

कप्तान बांग. पाच. बचाव ठीक केला, पण गोलच्या वेळी हा कुठे होता देव जाणे. कप्तानाने अशा वेळी दिसायला हवं.

सामना संपल्यावर पोलिसांनी तुम्हा पाहुण्यांना गॅलरीतच थांबवून ठेवलं. मला सकाळची ड्युटी होती, मी लगेच घरी गेले.

जाता जाता एक. आपली इमारत पाडणार आहेत. निम्मे लोक आताच गेले. जून संपायच्या आत आम्हालाही निघायचं आहे. आई मावशीकडे दक्षिणेला जाईल. म्हणजे बाबांचं श्राद्ध यंदा जूनमध्ये या घरात शेवटचं. आईने तुला कळवायला सांगितलं, म्हणून कळवलं. माझं काही म्हणणं नाही.

ओक-जू


यांगहा, ३ मे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. वीस वर्षांत चार ओळी! हात दुखला नाही ना?

आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग स्वतःच्या चष्म्याने एकदा वाचलं. मी इथे उतरवून काढते, म्हणजे तुला नंतर "मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणता येणार नाही. तू लिहिलंस:

"बांगला पाच? तो गोल बांगचा होता. स्वतःच्या गोलपासून धावत येऊन त्याने आमच्या दोघांना कोपऱ्याकडे ओढून नेलं, म्हणून वूला जागा मिळाली. बाबांनी त्याला सात दिले असते. तू गोल बघितलाच नाहीस, तू माझ्याकडे बघत होतीस. श्राद्धाचं बघतो."

तू जिंकलास. दोन-दोन.

टीव्हीवर दाखवतात त्या तुकड्यात बांग येतच नाही. तो तुकडा यॉमपासून सुरू होतो. तुझं कार्ड आल्यावर मी डेपोतल्या पोरांकडून सबंध सामना मागवून बघितला. बांग खरंच धावतो रे. चेंडू कधीच मिळणार नाही हे माहीत असून सबंध मैदान धावतो, आणि तुमचे दोघे त्याच्यामागे जातात. चेंडू नसलेल्याकडे बघा, हे बाबा आपल्याला किती वेळा सांगायचे! तू शिकलास. मी अजून चेंडूच्या मागेच.

आता खरं सांगते, कारण तुला कळलंच आहे. त्या दिवशी आमच्या गॅलरीतल्या एकानेही तो गोल बघितला नाही. एकानेही नाही! तुम्ही आलात आणि आपला तो जुना ताल धरलात तर काय करायचं, यावर आमच्यात महिनाभर वाद चालला होता. तीन ठोके, थांबायचं, पलीकडून दोन ठोके. तो ताल तू आणि बाबांनी याच मैदानावर बसवलेला. तू एका टोकाला तीन वाजवायचास, बाबा दुसऱ्या टोकाहून दोन. पोरं म्हणाली, शिट्ट्या मारू. म्हातारे म्हणाले, नको, आपण पाठ फिरवू. तो ताल वाजला की संपेपर्यंत सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करून गप्प उभं राहायचं. ठरलं.

तुमच्या कॉर्नरला तू सुरू केलंस. सगळं गाव वळलं, भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. आणि तेवढ्यात प्योने चेंडू धरला, यॉमकडे फेकला, आणि पुढचं सगळं आमच्या पाठीमागे झालं. आम्हाला काही ऐकूही आलं नाही, तुमची गॅलरी एकदम गप्प झाली एवढंच. आमचा पुढारी हळूच मान वळवून म्हणाला, "काय रे, सोलवाले खाली का बसले?" तेव्हा कळलं. वीस वर्षं ज्या गोलची वाट बघितली, तो आम्ही भिंत बघत साजरा केला. आता गावातला प्रत्येक जण तो गोल हातवारे करून सांगतो. मीही तुला सांगितला, नाही का? डाव्या पायाने, पहिल्याच स्पर्शात. फोनवर बघून.

पण मी पाठ फिरवून राहिले नाही. ढोल माझ्याकडे असतो. मीही वळले होते. तू तीन वाजवलेस. सोलवाले त्याला नुसत्या टाळ्या वाजवतात, त्यांना उत्तर ठाऊकच नाही. मला वाटलं होतं, राग येईल. राग नाही आला. माझ्या हाताने आपोआप दोन ठोके दिले. बाबांचे. शपथेवर सांगते, मी ठरवलं नव्हतं. आजूबाजूच्या माना अशा वळल्या! आमचा पुढारी म्हणाला, "ताई, हे काय चाललंय?" मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी उलटी फिरले आणि तुला शोधलं. तू काठी वर धरून तसाच उभा होतास. पुढचे तीन वाजवलेच नाहीस. केस पांढरे झालेत तुझे. मी तुझे केस बघत होते आणि मधल्या मैदानावर यॉम धावत होता.

तू गोलही बघितलास आणि मलाही बघितलंस. दोन्ही कसं जमवलंस?

आणखी एक. मी लगेच घरी गेले नव्हते. पाहुण्यांच्या फाटकासमोर काडीला टोचलेल्या माशाच्या वड्यांची, फिशकेकची गाडी असते, तिथे उभी राहिले. दोन काड्या खाल्ल्या, मग आणखी दोन. तुम्हाला सोडलं तेव्हा तू खांद्यावर ढोल घेऊन माझ्यापासून दहा पावलांवरून गेलास. माझ्या अंगावर हिरवा शर्ट होता. हाक मारावी असं मनापासून वाटलं आणि तोंडात गरम फिशकेक होता. आता लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा नाही आलं. तोंड मोकळं असतं तरी मारली असती की नाही, कुणास ठाऊक.

ओक-जू


यांगहा, २१ मे

दादा,

आज गुण नाहीत, टोमणे नाहीत. आई शेजारी बसून सांगते आहे आणि मी लिहिते आहे, पण ती सांगते तसं मी लिहिणार नाही, कारण ती मधूनमधून रडते.

श्राद्ध ८ जूनला संध्याकाळी. मध्यरात्रीचं आता कुणी करत नाही, आणि काकांना शेवटची ट्रेन गाठायची असते. आईने पेअरची फळं आणून ठेवलीत, सुका मासा बाल्कनीत टांगलाय. यंदा ती ताटात तळलेलं चिकनही ठेवणार आहे. काकांनी फोनवर नाक मुरडलं. म्हणाले, "वहिनी, पूर्वजांपुढे चिकन?" आई म्हणाली, "तुमचे भाऊ सामन्याला चिकन घेऊन जायचे, पेअर नाही."

बाबा गेल्यापासून थोरल्या मुलाने ओतायचा दारूचा पहिला प्याला काका ओततात. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण दर वर्षी ओतण्याआधी एकदा दाराकडे बघतात. आणि मग आपण खोलीचं दार लावून बाहेर थांबतो ना, बाबांनी निवांत जेवावं म्हणून, आणि घरातल्या मोठ्या मुलाने तीनदा घसा खाकरून मगच दार उघडायचं, तेही काकाच करतात. काका दिवसाला दोन पाकिटं ओढतात. त्यांचा खोकला एकदा सुरू झाला की तीनवर थांबत नाही. मागच्या वर्षी आई म्हणाली, तुझ्या बाबांना घास अर्धा टाकून उठावं लागलं असेल.

तुझा घसा बाबांसारखा आहे. दोन आखूड आणि तिसरा लांब.

आता ते बोलते, जे आपण कुणीच बोलत नाही. तू सोलला पहिल्या सामन्याला ढोल घेऊन निघालास त्या दिवशी बाबा म्हणाले, "त्या गॅलरीत जाणाऱ्याने या उंबरठ्याच्या आत यायचं नाही." तू म्हणालास, "क्लब म्हणजे खेळाडू, मैदान नव्हे. मी लहानपणापासून ज्यांच्यासाठी वाजवलं त्यांना सोडू?" बाबा म्हणाले, "क्लब म्हणजे गाव." तुम्हा दोघांचंही मला तेव्हा पटत होतं, आणि मला कुणी विचारलं नाही. त्यानंतर तू आत आला नाहीस. सणाला वहिनी यायच्या, भेटवस्तूंच्या पेट्या ठेवून जायच्या. बाबांच्या अंत्यविधीला हॉलमध्ये आलास, दोनदा वाकलास आणि सूपही न पिता गेलास. घरी नाहीच आलास.

आई म्हणते, बाबांचा शब्द बाबांबरोबर गेला. ती म्हणते, शेवटच्या दिवसांत ते दर शनिवारी टीव्हीवर सोलचा सामना लावायचे, आवाज बंद करून. विचारलं तर म्हणायचे, "यांचा बचाव बघतोय." गॅलरी दाखवली की पुढे सरकून बसायचे. हे तिने मला आत्ता, या मिनिटाला सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलं. मला तिचा भयंकर राग आला आहे, पण ती रडते आहे म्हणून गप्प आहे.

तू ये. हिरव्यांचं, पांढऱ्यांचं काही नाही. आई हे घर सोडायच्या आत तू त्या उंबरठ्यावरून आत यावंस, तिला आणखी काही नको. आणि मी जे मागे लिहिलं होतं की माझं काही म्हणणं नाही, ते खोटं होतं.

तुझी ओक-जू


यांगहा, ९ जून

दादा,

काल तू आलास आणि गेलास. आता मी काय लिहू?

लिहितेच. तू जे बघितलं नाहीस ते तरी तुला कळू दे.

आमचा जिना आता ओस पडलाय. खालचे तिन्ही मजले रिकामे, भिंतींवर लाल रंगाने फुल्या मारलेल्या. बाबांना यायला वाट हवी म्हणून मुख्य दार उघडं ठेवलं होतं, खाली माझी चप्पल अडकवून. आई दुपारपासून जिन्याकडे कान लावून. काका आले तेव्हा ती उठून उभी राहिली, आणि काका दिसल्यावर म्हणाली, "या, दमला असाल." बिचाऱ्या काकांना कळलं.

थांबलो, थांबलो. काकांची ट्रेन होती. शेवटी आईच म्हणाली, "ओता." काकांनी दाराकडे बघितलं आणि ओतला. चिकन बाबांच्या तसबिरीपुढे अगदी मध्यभागी. मग खोलीचं दार सरकवून आम्ही तिघं स्वयंपाकघरात येऊन माना खाली घालून उभे राहिलो. बाबा जेवत होते.

वेळ झाली तशी काकांनी खोल श्वास घेतला. आणि तेवढ्यात बाहेर जिन्यावरून ते आलं. दोन आखूड, तिसरा लांब.

आईने माझं मनगट पकडलं. तिची नखं अजून उमटलेली आहेत. काकांनी घेतलेला श्वास तसाच हळूच सोडून दिला आणि म्हणाले, "झालं. उघडा." दार सरकवलं. तसबिरीतले बाबा नेहमीसारखेच, रेफरीवर चिडल्यासारखे.

मला वाटलं, तू आता आत येशील. चप्पल काढायचा आवाज येईल. पण त्यानंतर सूपची वाटी उचलून त्या जागी पाणी ठेवायचं असतं, आणि ते काम माझं. काठोकाठ भरलेली वाटी दोन्ही हातांत. सांडायची नाही. मी पाऊल पाऊल टाकत खोलीत चालले होते आणि मागे जिन्यावर तुझी पावलं ऐकू येत होती. उतरणारी. सावकाश उतरत होतास रे. हाक मारायला भरपूर वेळ होता. या खेपेला तोंडही मोकळं होतं. पण बाबांपुढे उभं राहून, हातात त्यांचं पाणी घेऊन ओरडायचं कसं, हे मला सुचलं नाही. वाटी ठेवली, त्यात तीन चमचे भात कालवला, आणि मग धावले. अनवाणी.

जिन्याच्या खिडकीतून दिसलास. समोरच्या थांब्यावर काळा कोट घालून उभा होतास, ताठ. एवढ्या उकाड्यात कोट! पाच नंबर आली. माझी पाच नंबर. श्राद्धासाठी मी सुट्टी घेतली होती, म्हणून दुसरा चालवत होता. नाहीतर काल तू माझ्याच बसमध्ये चढला असतास, आणि मी दारं लावून घेतली असती आणि डेपोपर्यंत तुला उतरूच दिलं नसतं. गोल बघायच्या वेळी मी तुला बघत बसले आणि तुला थांबवायच्या वेळी पाणी सांभाळत बसले. मला या दोन्हीचं फार वाईट वाटतं, आणि त्यावर मला काहीही करता येत नाही.

वर आले तर आई उंबरठ्याशी वाकून बाहेरची फरशी बघत होती. बाहेरच्या बाजूला तुझ्या बुटांचे ठसे होते, ओल्या सिमेंटच्या धुळीत. उंबरठ्याला अगदी चिकटून. इतक्या जवळ उभा होतास! बाबांचा शब्दही मोडला नाहीस आणि थोरल्याचं काम करून गेलास. मला तुझा संताप आला आणि तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं असंही वाटलं. काका म्हणाले, "अगदी बापावर गेलाय," आणि डोळे पुसत सिगरेट ओढायला बाल्कनीत गेले.

नंतर आम्ही तिघांनी बाबांचं चिकन खाल्लं. गार झालं होतं. आई एकदम म्हणाली, "ते गुण देता ना तुम्ही, खेळाडूंना?"

"हो. का?"

"याला किती?"

आईला फुटबॉलमधलं काहीही कळत नाही, तुला माहीतच आहे. वीस वर्षं तिने आम्हा सगळ्यांचे शर्ट धुतले आणि कुठल्या बाजूला गोल करायचा हे तिला अजून सांगावं लागतं. मी म्हणाले, "तूच दे. पण सातच्या वर नाही, बाबांचा नियम."

तिने हाड ताटात ठेवलं, बोटं पुसली.

"दारापर्यंत आला, खाकरला, बापाचं जेवण नीट होऊ दिलं. सहा दे," ती म्हणाली. "सातवा माझ्याकडे आहे म्हणावं. तीस तारखेपर्यंत मी या घरात आहे, दाराखाली चप्पल तशीच ठेवते. सातवा आत आल्यावर देईन."

ओक-जू